तुलनेचे बोल आणि समबुद्धी

संसारात राहणाऱ्या मनुष्यास परक्यांचे कठोर शब्द फारसे लागत नाहीत. बाजारात कोणी टाकून बोलले, कचेरीत वरिष्ठाने दोष काढला, तरी घरी येऊन हातपाय धुतले की त्याचा विसर पडतो. परंतु घरातल्याच माणसाने, आणि तेही सख्ख्या भावाचे किंवा बहिणीचे नाव घेऊन, 'तो पहा कसा, आणि तू हा असा' एवढे उच्चारले, की ते वाक्य वर्षानुवर्षे मनात रुतून राहते. केस पिकलेले गृहस्थसुद्धा बाळपणी ऐकलेले असे एखादे वाक्य काल ऐकल्यासारखे बोलून दाखवितात. याचे कारण उघड आहे. परका माणूस आपल्या कृतीला नावे ठेवतो; घरचा माणूस तुलना करतो तेव्हा आपल्या अस्तित्वालाच कमी लेखल्यासारखे वाटते. ज्यांच्या मायेवर आपण उभे आहोत, त्या मायेतला आपला वाटा भावाकडे गेला, अशी भीती त्यामागे असते.

अशा प्रसंगी श्रीमद्भगवद्गीता वाचणाऱ्या माणसाने कसे वागावे? बाराव्या आणि चौदाव्या अध्यायांत भगवंतांनी भक्ताचे व गुणातीताचे लक्षण सांगताना निंदा आणि स्तुती ही दोन्ही ज्याला सारखी, तो मला प्रिय, असा अभिप्राय प्रकट केला आहे. तो आपण नित्य वाचतो. पण निंदा-स्तुतीची खरी परीक्षा सभेत होत नसते. ती स्वयंपाकघरात, जेवणाच्या पानावर, सणावारी जमलेल्या नातलगांच्या मेळ्यात होत असते. म्हणून आज याच विषयाचा विचार करू.

गीता ऐकलेल्या अर्जुनाची कथा

पुष्कळांची अशी समजूत असते की गीता ऐकल्यावर अर्जुनाचा मोह गेला आणि पुढे त्याचे मन कधीही ढळले नाही. महाभारत जे सांगते ते याहून अधिक बोधप्रद आहे. युद्धाच्या प्रारंभी भगवंतांनी गीता सांगितली. पुढे दहा दिवस भीष्मांचे आणि पाच दिवस द्रोणांचे सेनापतित्व झाले. नंतर कर्ण सेनापती झाला. त्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे युद्धाच्या सतराव्या दिवशी, घडलेला प्रसंग कर्णपर्वात आहे. कुरुक्षेत्र दिल्लीपासून काही फार दूर नाही. पण त्या दिवशी तेथे जे घडले ते आजही आपल्या प्रत्येकाच्या घरात घडते, म्हणून ते त्याहूनही जवळचे आहे.

त्या दिवशी कर्णाने धर्मराज युधिष्ठिराचा पराभव केला. कुंतीला दिलेल्या वचनामुळे त्याने धर्मराजाचा प्राण घेतला नाही, परंतु टोचून बोलून त्याला सोडून दिले. बाणांनी विद्ध झालेला, अपमानाने खचलेला तो राजा शिबिरात येऊन शय्येवर पडला. इकडे रणांगणावर राजा दिसेना, म्हणून अर्जुन चिंतेत पडला. त्याने भीमाला पाहून येण्यास सांगितले. भीम म्हणाला, मी येथून हललो तर शत्रू मला भ्यालेला समजतील. तूच जा, मी येथे सर्वांना अडवून धरतो. तेव्हा श्रीकृष्ण आणि अर्जुन शिबिरात गेले.

त्या दोघांना आलेले पाहून धर्मराजाला वाटले, कर्ण मारला गेला! तो हर्षभराने विचारू लागला की कर्णवध कसा झाला. अर्जुनाने सांगितले की कर्ण अजून जिवंत आहे, मी केवळ आपली प्रकृती पाहण्यास आलो. हे ऐकताच त्या शांत, सत्यनिष्ठ, कधी कोणाला न दुखविणाऱ्या धर्मराजाच्या मुखातून अग्नी बाहेर पडला. कर्णाच्या भीतीने तू भीमाला एकट्याला रणात टाकून पळून आलास. द्वैतवनात केलेल्या तुझ्या प्रतिज्ञा कोठे गेल्या. तुझ्या जन्मकाळी झालेली आकाशवाणी खोटी ठरली. कुंतीच्या उदरी तू जन्मला नसतास तर बरे होते, असे तो बोलत गेला. शेवटी त्याने सांगितले की हे गांडीव आता दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाक.

वाचकहो, या बोलांचे स्वरूप नीट पहा. एक भाऊ रणात उभा आहे आणि दुसरा पळून आला, ही दोन भावांमधली तुलनाच आहे. आणि ती सत्यही नाही. अर्जुन भिऊन आला नव्हता. भीमानेच त्याला पाठविले होते, आणि तो ज्याच्या काळजीने आला तोच त्याला भ्याड म्हणत होता. आपल्या घरांतील तुलनाही बहुधा अशाच अर्धवट माहितीवर उभ्या असतात.

अर्जुनाने तत्क्षणी तलवार उपसली. गांडीव दुसऱ्याला दे, असे जो म्हणेल त्याचा शिरच्छेद करीन, असे त्याचे एक गुप्त व्रत होते. ज्याच्यासाठी तेरा वर्षे वनवास-अज्ञातवास भोगला, त्या पित्यासमान वडील भावावर तो शस्त्र उचलून उभा राहिला. सोळा-सतरा दिवसांपूर्वी साक्षात भगवंतांच्या मुखातून समत्वाचा उपदेश ऐकलेल्या पुरुषाची ही अवस्था! यावरून साधकाने निराश होण्याचे कारण नाही. उपदेश ऐकणे आणि तो अंगी मुरणे यांत अंतर असते, आणि ते अंतर घरच्या माणसांच्या शब्दांनीच उघडे पडते, एवढे यावरून समजून घ्यावे.

भगवंतांनी काय केले?

भगवंतांनी प्रथम एक साधा प्रश्न विचारला : येथे तुझा शत्रू कोण आहे? तू राजाला भेटण्यास आलास, तो कुशल आहे, मग तलवार कशासाठी? या प्रश्नातच अर्धे औषध आहे. तुलनेचे बोल कानी पडताच समोरचा माणूस आपल्याला शत्रू भासू लागतो. तो वडील आहे, आई आहे, आत्या आहे, हे भान सुटते. दुसऱ्या अध्यायात क्रोधापासून संमोह, संमोहापासून स्मृतिनाश आणि त्यातून बुद्धिनाश अशी जी उतरंड सांगितली आहे, तिची ही प्रचीती होय. 'माझ्यासमोर कोण आहे' ही स्मृती जागी करणे, हाच त्या उतरंडीवरून खाली न घसरण्याचा उपाय.

दुसरी गोष्ट. भगवंतांनी अर्जुनाला धर्मराजाच्या बोलण्यामागचे दुःख दाखविले. राजा थकलेला आहे, कर्णाच्या बाणांनी घायाळ झाला आहे, शोकाने व्याकूळ आहे, म्हणून तो असे कठोर बोलला. तात्पर्य असे की तुलनेच्या बोलात ज्याच्याविषयी बोलणे चालले आहे त्याच्यापेक्षा बोलणाऱ्याची जखमच अधिक दिसते. आई मोठ्या मुलाचे गुण धाकट्याला ऐकविते तेव्हा बहुधा तिला धाकट्याच्या भवितव्याची भीती वाटत असते. वडील एका मुलीच्या पगाराची वाखाणणी दुसरीसमोर करतात तेव्हा आपल्या आयुष्यात जे साधले नाही त्याची खंत त्यांच्या मुखातून बोलत असते. हे ओळखले की राग पूर्णपणे जात नाही, पण त्यात करुणा मिसळते. आणि करुणा मिसळलेला राग तलवार उपसत नाही.

तिसरी गोष्ट फार मार्मिक आहे. व्रत तर मोडायचे नाही आणि भाऊ तर मारायचा नाही, तेव्हा भगवंतांनी युक्ती सांगितली की वडीलधाऱ्याला अरे-तुरे करून त्याचा अपमान करणे हाच त्याचा वध. अर्जुनाने तसे केले. तो म्हणाला, रणापासून कोसभर दूर बसणाऱ्या तू मला दोष देऊ नकोस. भीमाने दोष दिला तर शोभेल, तो लढतो आहे. तुझ्या द्यूताच्या व्यसनापायी आम्ही सर्व या दशेला आलो. पहा, भावाने तुलना केली, तर यानेही उलट तुलनाच केली. आणि त्याच वेळी फाशांची जुनी वही उघडली. घरातील भांडणे अशीच वाढतात. आज जेवणात मीठ कमी पडल्याची गोष्ट वीस वर्षांपूर्वीच्या लग्नातील मानापमानापर्यंत जाऊन पोहोचते.

आणि याचे फळ काय? बोलून झाल्यावर अर्जुनाला समाधान लाभले नाही. त्याला इतका पश्चात्ताप झाला की तीच तलवार तो स्वतःवर चालवू लागला. तेव्हा भगवंत म्हणाले, स्वतःची स्तुती स्वतःच्या मुखाने करणे हीच आत्महत्या. ती कर म्हणजे झाले. अर्जुनाने आपल्या पराक्रमाचे वर्णन केले आणि तलवार म्यान केली. या विलक्षण प्रसंगातून गृहस्थाला दोन पक्की सूत्रे मिळतात. वडीलधाऱ्याचा अपमान करणे म्हणजे त्याला जिवंतपणी मारणे. आणि तुलनेला उत्तर म्हणून आपल्याच गुणांची यादी वाचणे म्हणजे स्वतःला मारणे. आपल्याकडून घरात जी दोन उत्तरे नेहमी दिली जातात, ती नेमकी हीच आहेत.

शेवट गोड आहे. अपमानित धर्मराज उठून वनात जाण्यास निघाला. भीमच राजा होण्यास योग्य आहे, असे म्हणू लागला. पुन्हा तुलना, आता स्वतःशीच! भगवंतांनी त्याला वंदन करून सर्व उलगडून सांगितले, अर्जुन त्याच्या पायांवर पडला, त्याने त्याला उठवून हृदयाशी धरले, आणि दोघे भाऊ रडले. त्यानंतर अर्जुन रणात गेला आणि त्याच दिवशी कर्णवध झाला. या सगळ्या गदारोळात भीम कोठे होता? ज्याचे नाव घेऊन ही तुलना चालली होती, तो बिचारा रणात लढत होता. त्याला या संवादाची वार्ताही नव्हती. ज्या भावाशी आपली तुलना होते, तो बहुधा असाच निर्दोष असतो. त्याच्यावर राग धरणे म्हणजे मापाने लाकूड आखूड दाखविले म्हणून माप मोडण्यासारखे आहे.

इंद्रप्रस्थातील दुसरा श्रोता

याच्या उलट उदाहरण दिल्लीच्या भूमीवरच आहे. यमुनेकाठच्या पुराण्या किल्ल्याची जागा परंपरेने पांडवांचे इंद्रप्रस्थ मानली जाते; विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत त्या किल्ल्याच्या आत इंद्रपत नावाचे खेडे नांदत होते. तेथे १९५४-५५ साली आणि पुन्हा १९६९ ते १९७३ या काळात उत्खनन झाले व अनेक राजवटींच्या वस्तीचे थर एकावर एक आढळले. इतके काळ येऊन गेले. पण मत्सराची जी कथा त्या जागेशी जोडलेली आहे ती अजून जुनी झाली नाही.

राजसूय यज्ञानंतर दुर्योधन मयसभेत हिंडत असता स्थळाला जळ आणि जळाला स्थळ समजून फसला. द्रौपदी त्याला आंधळ्याचा पुत्र म्हणून हसली, असे लोकांत सांगितले जाते; महाभारताच्या संशोधित पाठात ते वाक्य नाही. भीमादिक हसले, एवढेच आहे. पण दुर्योधनाला जाळणारे ते हसूही नव्हते. चुलतभावांचे ऐश्वर्य आणि आपले ऐश्वर्य यांची मोजणी तो रात्रंदिवस करीत होता. हस्तिनापुरास परतल्यावर धृतराष्ट्राने प्रथम त्याला योग्य तेच सांगितले : तू ज्येष्ठ आहेस, तुला काय कमी आहे, युधिष्ठिर तुझा द्वेष करीत नाही, तू त्याचा का करतोस? दुर्योधनाने उत्तर दिले ते असे, की असंतोष हेच वैभवाचे मूळ होय.

हे तत्त्वज्ञान आजही फार लोकप्रिय आहे. मुलांना चेव यावा म्हणून तुलना करावी, असे म्हणणारे पालक नकळत दुर्योधनाचाच सिद्धांत मांडत असतात. चेव येतो हे खरे. पण तो कोणत्या दिशेने जातो? दुर्योधनाचा चेव राज्य सुधारण्याकडे गेला नाही, तो द्यूतसभेकडे गेला. तुलनेने पेटलेला मनुष्य आपले काम चांगले करण्यापेक्षा दुसऱ्याचे बिघडविण्यात अधिक रमतो. चौथ्या अध्यायात भगवंत कर्मयोग्याला मत्सररहित आणि सहज लाभलेल्यात संतुष्ट म्हणतात, ते आळशीपणाचे समर्थन नव्हे. मत्सर गेल्याखेरीज कर्माकडे संपूर्ण लक्ष लागतच नाही, असा त्याचा अर्थ आहे.

पाच भाऊ, पाच शंख

गीतेच्या पहिल्याच अध्यायात एक लहानसा तपशील आहे, ज्यावरून आपण घाईने पुढे जातो. पांडवांनी शंख वाजविले तेव्हा प्रत्येकाच्या शंखाचे नाव निरनिराळे दिले आहे. धर्मराजाचा अनंतविजय, भीमाचा पौंड्र, अर्जुनाचा देवदत्त, नकुलाचा सुघोष आणि सहदेवाचा मणिपुष्पक. एका घरचे पाच भाऊ, परंतु पाच शंख आणि पाच नाद. सहदेवाचा शंख पौंड्रासारखा का घुमत नाही, असे कोणी विचारले नाही. अठराव्या अध्यायात स्वभावानुसार नेमलेले कर्म थोडे सदोष वाटले तरी ते दुसऱ्याच्या उत्तम आचरलेल्या कर्मापेक्षा श्रेयस्कर, असे जे सांगितले आहे, त्याचे हे जणू आधीच दाखविलेले चित्र होय.

आपल्या महाराष्ट्रात याचे मंगल उदाहरण आहे. निवृत्तिनाथ थोरले, ज्ञानेश्वर त्यांच्या पाठचे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, नेवासे येथे ज्ञानेश्वरी झाली. निवृत्तिनाथांचेही अभंग आहेत. परंतु घरोघर पारायण होते ते धाकट्याच्या ग्रंथाचे. थोरल्याला याचे वैषम्य वाटल्याची एकही कथा परंपरेत नाही. उलट गुरू म्हणून धाकट्याला बोलते करणारे तेच. आणि लोकांच्या बोलण्याने खिन्न होऊन ज्ञानदेव ताटी लावून बसले, तेव्हा सर्वांत धाकट्या मुक्ताबाईने समजूत घातली आणि त्यांनी ती ऐकली, अशी कथा आहे. ज्या घरात थोरल्याला धाकट्याची कीर्ती खुपत नाही आणि धाकटीचा उपदेश थोरल्याला कमीपणाचा वाटत नाही, तेथे चार भावंडे चार दीप होतात.

आजचा प्रसंग

आता आजच्या घराकडे वळू. दिल्ली, नोएडा, गुरुग्राम, गाझियाबाद या भागांत नोकरीनिमित्त स्थिरावलेली पुष्कळ मराठी कुटुंबे आहेत. अशा घरांत वारंवार आढळणारी स्थिती अशी : एक भाऊ परदेशी गेला आहे, दुसरा आईवडिलांजवळ राहिला आहे. जवळचा भाऊ वडिलांना इस्पितळात नेतो, रात्री औषध देतो, थंडीच्या दिवसांत धुरकट हवेने आईचा दमा वाढला की रजा काढतो. दूरचा भाऊ रविवारी दूरध्वनी करतो. आणि पाहुणे आले की आईवडील कौतुकाने सांगतात ते दूरच्या मुलाविषयी! जवळच्याच्या मनात त्या वेळी काय होत असेल?

त्याने प्रथम हे ओळखावे की जे रोज मिळते त्याचे वर्णन कोणी करीत नाही. श्वासाचे कौतुक कोणी करीत नाही. तो थांबला तरच त्याची आठवण होते. दूरच्या मुलाविषयी बोलताना आईवडील त्याला आठवत असतात. जवळच्याला आठवावे लागत नाही, कारण तो तेथेच आहे. नंतर त्याने स्वतःला विचारावे : मी ही सेवा कौतुकासाठी करीत होतो काय? उत्तर थोडेसे 'होय' असे आले तरी लाजू नये. तेवढा फलाशेचा अंश सापडला, हाच त्या कटू बोलाचा लाभ समजावा. निष्काम कर्माचा अभ्यास वृद्ध आईवडिलांच्या उशाशी होतो तितका अन्यत्र क्वचितच होतो.

येथे कोणी शंका घेईल, की मग अन्याय मुकाट्याने गिळावा काय? तसे गीता सांगत नाही. सतराव्या अध्यायात वाणीचे तप सांगितले आहे : बोलणे दुसऱ्याला क्षोभ न देणारे, सत्य, प्रिय आणि हितकर असावे. यांत सत्य वगळलेले नाही. आईवडील लहान मुलांपैकी एकाला सतत कमी लेखत असतील, तर घरातील जाणत्याने त्यांना ते सांगितलेच पाहिजे. मुलाचे मन त्याने कायमचे वाकते. फक्त ते चारचौघांत सांगू नये, रागाच्या भरात सांगू नये, आणि जुनी वही उघडून सांगू नये. समत्व म्हणजे मुकेपणा नव्हे. मन स्थिर ठेवून बोलणे होय.

साधकाने पुढील नियम पाळून पाहावेत.

पहिला, तुलनेचे बोल कानी पडताच लगेच उत्तर देऊ नये. पाचव्या अध्यायात देह पडण्यापूर्वीच काम-क्रोधाचा वेग जो सोसू शकतो त्यालाच सुखी म्हटले आहे. वेग हा वेगच असतो, तो ओसरतो. पाणी प्यावे, मनात भगवंतांचे नाम घ्यावे, आणि 'येथे माझा शत्रू कोण?' हा प्रश्न स्वतःला विचारावा.

दुसरा, बोलांतून सत्याचा अंश वेगळा काढावा. सूप फोल पाखडते आणि धान्य ठेवते, तसे करावे. दोष खरा असेल तर तो कोणाच्या तुलनेने कळला, याला महत्त्व नाही.

तिसरा, ज्याच्याशी तुलना झाली त्या भावंडाचे त्याच दिवशी एखादे तरी भले चिंतावे, शक्य तर त्याच्याशी दोन प्रेमाचे शब्द बोलावेत. मत्सराचे मूळ येथेच तुटते.

चौथा, उत्तर द्यायचेच तर असे द्यावे : "आई, दादाचे यश पाहून मलाही आनंद होतो. माझ्या वागण्यात कोठे उणे दिसते ते मला सांग, मी ऐकेन. पण त्याच्याशी मोजून सांगू नकोस, त्याने मन दुखते." या बोलण्यात अपमान नाही, आत्मस्तुती नाही आणि असत्यही नाही.

पाचवा, आपण स्वतः कोणाची तुलना करतो काय, हे रात्री निजण्यापूर्वी तपासावे. सून आणि मुलगी, थोरली जाऊ आणि धाकटी जाऊ, पहिलीत पहिला आलेला नातू आणि न आलेला नातू, यांच्याविषयी दिवसभरात आपण काय बोललो? जो बाण आपल्याला लागला तो आपल्या भात्यातून पुढच्या पिढीवर सुटू नये, एवढे केले तरी कुळावर मोठे उपकार होतील.

सहाव्या अध्यायात भगवंत सांगतात की मनुष्य स्वतःच स्वतःचा मित्र आणि स्वतःच स्वतःचा शत्रू आहे. स्वतःचा उद्धार त्यानेच करावयाचा आहे. आपली खरी तुलना करावयाची ती कालच्या आपल्याशी. काल ज्या बोलाने रात्रभर झोप लागली नाही, त्या बोलाने आज घटकाभरच मन हलले, तर साधना चालू आहे असे समजावे. उद्या तोच बोल ऐकून बोलणाऱ्याच्या दुःखाकडे आपले लक्ष गेले, तर भगवंतांनी रथाचे घोडे हाती घेतले असे समजावे. अर्जुनाचे मन सतराव्या दिवशी ढळले, तरी सारथ्याने त्याला सोडले नाही. आपलेही मन ढळेल. पण ज्याने एकदा त्या सारथ्याला आपल्या रथावर बसविले, त्याचा हात तो सोडीत नाही.

सर्व कुटुंबांत परस्पर सद्भाव वाढो, भावंडांना एकमेकांच्या यशात आनंद लाभो, आणि प्रत्येकाला आपापला शंख निर्भयपणे वाजविण्याचे बळ श्रीहरी देवो, एवढीच त्याच्या चरणी प्रार्थना. इति शम्।